हरणाचा कोथळा काढण्याचे दोन सुरे : एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचा धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतो, आणि बंदुकीचा नऊ दिवसांचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. गेल्या वर्षीच्या या साऱ्या काळात मी दोन सुरे आलटून-पालटून वापरले. काही हरणे माझी होती, बरीचशी ज्यांच्या जमिनीवर आम्ही जातो त्या शेतकरी कुटुंबाची आणि त्यांच्या पाहुण्यांची होती. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ, सांबर, काळवीट यांच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. त्यामुळे हे परीक्षण अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात राहणाऱ्या, परवाना काढलेल्या आणि पहिल्यांदाच सुरा विकत घेणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना येथे परवान्याआधी शिकारीचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. त्यात बंदुकीच्या सुरक्षिततेवर भरपूर भर असतो, परंतु पोट फाडल्यावर आत काय दिसेल हे शेवटी प्रत्यक्षच शिकावे लागते.

पहिला सुरा स्थिर पात्याचा आहे. पाते सुमारे साडेतीन इंच, पोलाद ४२०एचसी, मूठ भडक नारिंगी रबराची, आणि पात्याच्या पाठीवर कातडी उसवण्यासाठी एक धारदार आकडा. दुसरा घडीचा आहे. त्याचे पाते शस्त्रक्रियेच्या पात्यासारखे पातळ असून बोथट झाले की काढून नवे बसवता येते. दोन्हींच्या जाहिरातींत धारेचे कौतुक असते. माझ्या मते या कामासाठी सुरा पारखायचा तर आधी हरणाच्या आतली मांडणी समजून घ्यावी लागते, कारण प्रत्येक अवयवापाशी सुऱ्याची मागणी बदलते.

पांढऱ्या शेपटीचे हरीण हा रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या धडाचे मध्यपटलाने, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याने, दोन भाग केलेले असतात. पुढच्या भागात, उरोस्थीला (छातीच्या हाडाला) जवळजवळ टेकलेले आणि पुढच्या पायाच्या कोपराच्या पातळीवर हृदय, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फुफ्फुसे. मागच्या भागात जठराचे चार कप्पे असतात आणि त्यांतले कोठीपोट एवढे मोठे असते की पोटाची डावी बाजू जवळजवळ सगळी तेच व्यापते. यकृत त्यामुळे उजवीकडे ढकलले जाते आणि मध्यपटलाला चिकटून राहते. प्लीहा कोठीपोटाच्या डाव्या अंगाला चपटी बसलेली असते. जाळीपोट हा जठराचा दुसरा कप्पा तर मध्यपटलाच्या एका पडद्याआड थेट हृदयाच्या मागे असते. गायीने चाऱ्यातून गिळलेली तार पुढे हृदयाला का टोचते, याचे उत्तर ज्यांच्या घरी गुरे होती त्यांना ठाऊक असेल, आणि हरणाची रचनाही तशीच आहे. हरीण उताणे केले की हे कोठीपोट फुगून वर येते आणि पहिला छेद नेमका त्याच्यावरच द्यायचा असतो. ते फुटले तर अर्धवट पचलेला मका, ओकची फळे आणि आंबूस रस मांसावर सांडतो. अशा मांसाला नुसते पाण्याने धुऊन भागत नाही, तो भाग कापून टाकावा लागतो.

या पहिल्या छेदासाठी दोन्ही सुऱ्यांत मोठा फरक दिसला. छातीच्या हाडाच्या टोकाखाली कातडी चिमटीत उचलून लहानसा छेद द्यायचा, दोन बोटे आत घालून कोठीपोट खाली दाबायचे, आणि पात्याची धार आकाशाकडे ठेवून आतून बाहेर कापत मागे जायचे. धार वर असली की केस तुटून मांसावर पडत नाहीत. स्थिर सुऱ्याचा आकडा याच कामासाठी असतो आणि ताज्या धारेवर तो खरोखरच सुरेख चालतो. मात्र नोव्हेंबरपर्यंत हरणाचा हिवाळी कोट दाट होतो. ते पोकळ केस आणि पोटावरची चरबी आकड्याच्या खोबणीत अडकून बसली की तो कापण्याऐवजी ओढू लागतो. त्याला पुन्हा धार लावायला गोल कानस लागते आणि थंडीत, मोजे घातलेल्या हातांनी ते काम कंटाळवाणे होते. घडीच्या चाकूचे पाते येथे लोण्यातून गेल्यासारखे जाते, पण तेच त्याचे संकट आहे. पोटाच्या स्नायूखालचा पातळ पडदा आणि कोठीपोटाची भिंत यांतले अंतर हाताला कळण्याआधीच पाते पलीकडे गेलेले असते. नवशिक्याच्या हाती पहिल्या छेदासाठी मी हे पाते देणार नाही.

मागच्या बाजूचे काम बारीक आहे. गुदद्वाराभोवती गोल छेद देऊन मोठ्या आतड्याचे टोक कटिबंधाच्या, म्हणजे कमरेच्या, हाडातून मोकळे करायचे, दोऱ्याने घट्ट बांधायचे आणि आत ओढून घ्यायचे. शेजारीच मूत्राशय असते आणि त्याला टोक लागले की मांडीच्या उत्तम मांसावर मूत्र सांडते. येथे अरुंद, लवचिक पाते हवे. घडीचा चाकू हे काम स्थिर सुऱ्याच्या निम्म्या वेळात करतो. कटिबंधाचे हाड करवतीने फोडण्याची पद्धत अनेक जण सांगतात, पण दोन्हींपैकी कोणताही चांगला सुरा हातात असेल तर त्याची गरज पडत नाही.

मध्यपटलापासून पुढे मात्र निर्णय पूर्णपणे उलटतो. पडदा बरगड्यांच्या कडेने दोन्ही बाजूंनी मोकळा केल्यावर कोपरापर्यंत हात छातीत घालून, समोरचे काहीही न दिसता, श्वासनलिका आणि अन्ननलिका शक्य तितक्या पुढे कापाव्या लागतात. एका हाताने कडक, वळ्यावळ्यांची श्वासनलिका धरलेली असते आणि दुसऱ्या हातातला सुरा त्याच हाताच्या बोटांजवळ फिरत असतो. या जागी इतके पातळ पाते नको. फासळीला तिरके लागले तर त्याचे टोक मोडते, रक्तात ते शोधणे जवळजवळ अशक्य असते, आणि पोलादाचा तुकडा मांसात राहिल्याची शंका घेऊन कोणी स्वयंपाक करू नये. स्थिर सुऱ्याचे आखूड, जाड पाठीचे पाते येथे विश्वासाचे ठरते. रक्ताने माखलेल्या हातातूनही त्याची रबरी मूठ निसटली नाही. श्वासनलिका सुटली की ती मागे ओढायची, आणि पाठीच्या कण्याला धरून ठेवणारे पडदे सोडवत गेले की हृदयापासून आतड्यांपर्यंत सगळा कोथळा एकत्र बाहेर येतो. कण्याखाली, मूत्रपिंडांजवळ, दोन लांबट मऊ स्नायू असतात. ते हरणाचे सर्वांत कोवळे मांस, म्हणून तिथे सुरा जपून चालवावा.

कोथळा बाहेर आल्यावर बहुतेक जण लगेच हरीण ओढत गाडीकडे निघतात. शरीराची उष्णता लवकर निघून जाणे आवश्यक असल्याने त्यांची घाई चूक नाही, तरी पाच मिनिटे थांबून अवयव पाहावेत असे मी सुचवीन. मटणाच्या दुकानात कलेजी, गुर्दे आणि वजडी मागणाऱ्याला यांतल्या बहुतेकांची आधीच ओळख असते. हरणाला पित्ताशय नसते, त्यामुळे कोंबडी साफ करताना पित्त फुटून कलेजी कडू होण्याची जी धास्ती असते ती येथे नाही. यकृत गडद, गुळगुळीत आणि धारदार कडांचे असावे. ग्रेट लेक्सच्या परिसरात त्यात पुष्कळदा मोठा यकृतकृमी सापडतो. पानासारखा चपटा आणि गाठीत लपलेला हा कृमी माणसाला होत नाही, पण तसे यकृत मी तरी ताटात घेत नाही. मूत्रपिंडांभोवतीची चरबी पाहून हरणाला खायला किती मिळाले याचा अंदाज येतो आणि वन्यजीवशास्त्रज्ञही ती मोजतात. गोळी कुठून गेली हे येथेच नक्की कळते, आणि जमिनीवर दिसलेल्या रक्ताशी ते जुळवून पाहिले की पुढच्या वेळचा माग सोपा होतो. फेसाळ, गुलाबी रक्त फुफ्फुसाचे, गडद लाल रक्त यकृताचे, आणि हिरवट कण असलेले रक्त पोटाचे. शेवटच्या दोन प्रकारांत हरणामागे लगेच धावत सुटण्याऐवजी काही तास थांबावे लागते, कारण उठवलेले हरीण फार दूर जाते.

घडीच्या चाकूची खरी किंमत मला रोगाच्या चाचणीमुळे कळली. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना खंगवत नेणारा रोग प्रथम आढळला आणि राज्याच्या दक्षिण भागात तो आता रुजला आहे. प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होणारा हा रोग शिजवल्याने नाहीसा होत नाही. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा स्पष्ट सल्ला आहे. राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते मोफत चाचणी करते. त्यासाठी मानेचा काही इंच भाग राखून डोके नमुना-केंद्रावर ठेवावे लागते आणि घशामागच्या लसिका-ग्रंथी तपासल्या जातात. डोके वेगळे करताना मज्जारज्जू कापला जाणे अटळ असते. मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, डोळे आणि लसिका-ग्रंथी यांतच प्रायॉनचा साठा जास्त असतो, म्हणून ज्या पात्याने हे काम केले त्याने पुढे मांस कापू नये. घडीच्या चाकूत या कामासाठी नवे पाते लावायचे, मानेचे स्नायू गोल कापायचे, मणक्यांमधला सांधा पिळून मोकळा करायचा, आणि पाते काढून झाकणाच्या जाड डबीत टाकायचे. पाते काढताना पक्कड वापरावी. बोटांनी ते काढण्याची जी सोय पाकिटावर चित्रात दाखवली आहे ती कोरड्या, उबदार खोलीतली आहे. अहवाल येईपर्यंत मांस वेगळी खूण करून गोठवून ठेवता येते.

स्थिर सुऱ्याची सफाई अधिक मेहनतीची निघाली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की, पोलादाच्या पृष्ठभागावरचे या रोगाचे प्रायॉन घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पाच मिनिटांत निष्प्रभ होतात. म्हणजे दोन भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी. द्रावण मांसाच्या कणांच्या आत शिरत नाही, त्यामुळे आधी सुरा घासून अगदी स्वच्छ करावा लागतो, आणि आकड्याच्या खोबणीत नेमके हेच जमत नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशनेही तिथली चरबी पूर्ण निघत नव्हती. ब्लीचनंतर लगेच भरपूर पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावले तरी डिसेंबरअखेर आकड्याच्या आतल्या वळणावर गंजाचे ठिपके उमटले. पात्याच्या बाकी भागावर एकही डाग नाही आणि धार साध्या दगडावर लवकर परत येते. आकडा नसलेला तोच सुरा काही डॉलर कमी किमतीत मिळतो. पुढच्या सप्टेंबरसाठी मी तो मागवला आहे आणि त्याच्यासोबत घडीच्या चाकूच्या पात्यांचे नवे पाकीट.