तेरेल्जची डॉग स्लेजिंग सफर : अख्ख्या हिवाळ्यानंतरचा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीमुळे आमचा गेला हिवाळा मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरमध्ये गेला. डिसेंबरात हौसेने पहिल्यांदा तेरेल्जला जाऊन कुत्र्यांच्या स्लेजवर, म्हणजे बर्फावरून कुत्री ओढतात त्या घसरगाडीवर बसले. मग मुलाने हट्ट धरला, नंतर नाशिकहून दीर-जाऊबाई आल्या, आणि असं करत मार्चपर्यंत जाणं होत राहिलं. सफरवाले बदलत गेले, नदी तीच. एका फेरीवर लिहिलेले अनुभव पुष्कळ सापडतात, म्हणून पूर्ण मोसम बघितल्यावर माझं काय मत झालं ते लिहिते. जरूर जा. पण जानेवारी सरल्यावर जा, आणि ‘मंगोल भटक्यांची हजारो वर्षांची परंपरा’ बघायला म्हणून जाऊ नका.

जाहिरातींत सर्रास तसंच लिहिलेलं असतं, पण ते खरं नाही. मंगोल पशुपालकांचा कुत्रा असतो तो राखणीचा. बांखार म्हणतात त्याला. अंगाने दांडगा, केसाळ, लांडग्यांपासून मेंढ्या सांभाळणारा. ओझी वाहायला उंट, याक, बैल. उत्तरेला खोव्स्गोल तलाव गोठला की त्यावर घोड्यांच्या स्लेज धावतात. हस्की जातीची कुत्री जुंपलेली स्लेज मात्र इथे आली ती अलीकडे, पर्यटनाबरोबर. त्याने सफरीची गोडी कमी होत नाही. कुत्री हाकणारी बहुतेक पोरं आसपासच्या पशुपालक घरांतली असतात. जनावरांची आणि गोठलेल्या नदीची त्यांना जी जाण आहे ती अस्सल इथलीच आहे, आणि मी पैसे त्यासाठी आनंदाने मोजले.

गोर्खी-तेरेल्ज राष्ट्रीय उद्यान शहराच्या ईशान्येला, गाडीने साधारण दीड तासावर. हिवाळ्यात उलानबातरवर कोळशाच्या धुराचं दाट झाकण बसलेलं असतं. नलाइख हे जुन्या कोळसाखाणीचं गाव मागे पडलं की हळूहळू आकाश निळं दिसू लागतं. आमच्या मुलाचा खोकला त्या दिवसापुरता थांबायचा. माझ्यासाठी एवढं एक कारणसुद्धा पुरेसं होतं.

मंगोलियात थंडी भयंकर, पण बर्फवृष्टी बेताची. हवाच कोरडी. त्यामुळे स्लेज डोंगरउतारावर नव्हे तर गोठलेल्या तेरेल्ज नदीच्या पात्रातून धावते. दोन्ही काठांना लार्च आणि बर्चची झाडं, वर ग्रॅनाइटचे सुळके. कुठे बर्फाचा भुसभुशीत थर, तर कुठे वाऱ्याने झाडून स्वच्छ केलेला काचेसारखा हिरवा-निळा बर्फ, ज्यात आत अडकलेले हवेचे बुडबुडे एकावर एक रचलेले दिसतात. काही ठिकाणी खालचं पाणी भेगेतून वर येऊन पसरतं आणि पुन्हा गोठतं. अशी जागा लांबून दिसली की हाकणारा कुत्र्यांना काठाकडून वळवून नेतो. एकदा तो उतरून पुढे चालत गेला, टाचेने बर्फ ठोकून पाहिला आणि मगच आम्हाला बोलावलं. असा माणूस सोबत असला की निर्धास्त वाटतं.

स्लेजवर दोघं जण. एक पुढे बसतो, दुसरा मागे पट्ट्यांवर उभा राहून दांडी धरतो. नियम मोजकेच: काहीही झालं तरी दांडी सोडायची नाही, उतार आला की ब्रेकवर पाय द्यायचा, वळणावर अंग आतल्या बाजूला झुकवायचं. निघण्याआधी कुत्र्यांचा जो कल्ला चालतो त्याने नवखा माणूस घाबरतो. उड्या मारतात, केकाटतात, दोर चावतात. ते हाल नव्हेत, ती पळायची घाई असते. दोर सुटला की एका क्षणात सगळी गप्प होतात. मग फक्त लाकडी पट्ट्यांची खरखर आणि त्यांचा श्वास. पळता पळताच बाजूचा बर्फ तोंडात घेतात, बाकीचे विधीही पळतानाच उरकतात, आणि मागच्याला त्याचा वास येतोच. वेग फार नसतो, पण जमिनीपासून वीतभर उंचीवर बसल्यावर तो पुरेसा वाटतो.

कपड्यांबद्दल मात्र नीट ऐका. अंगालगत सुती काही घालू नका. घाम सुतात राहतो आणि थांबल्यावर हाडं गारठतात. मी आत मेरिनो लोकर, मधे काश्मिरी स्वेटर, वर सफरवाल्यांनी दिलेला मेंढीच्या कातड्याचा देएल, म्हणजे मंगोल पद्धतीचा लांब अंगरखा घालायची. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहतात तसे मोजे केव्हाही उत्तम. उलानबातरमध्ये घेतलेले उंटाच्या लोकरीचे पायमोजे पूर्ण हिवाळा वापरले, टाचेला जरा विरळ झाले, पण ऊब तेवढीच देतात. महागड्या ट्रेकिंग बुटांपेक्षा नमद्याचे सैल बूट चांगले, कारण बोटं हलली पाहिजेत. चष्मा असेल तर नाकावरचा मफलर चष्म्याच्या खालीच राहू द्या. नाहीतर श्वासाची वाफ काचेवर गोठते आणि घासूनही निघत नाही. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेर काढला की थोड्याच वेळात बंद पडतो.

दुपारचं जेवण पशुपालकांच्या गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूघरात असतं. माझ्या लेखी सफरीचा सर्वात मोलाचा भाग हाच. दार दक्षिणेला, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, आत डावीकडून जायचं, दिलेलं उजव्या हाताने घ्यायचं. आधी मीठ घातलेला दुधाचा चहा, सूतेई त्साई. पहिल्या घोटाला चमत्कारिक वाटतो, पण उणे पंचवीसमधून आल्यावर दुसरी वाटी आपण होऊन मागतो. सोबत बोर्त्सोग म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, मग बूझ म्हणजे मटण भरलेले वाफाळते मोमो. शाकाहारी असाल तर आधी सांगा, आणि तरी जवळ ठेपले-लाडू असू द्या. बटाटा-कोबीचे बूझ करून देतात, पण वाफवायचं भांडं तेच असतं.

मार्चच्या सुरुवातीला गेलो तेव्हा चुलीजवळ गोणपाटावर नुकतं जन्मलेलं करडू ठेवलेलं होतं, कानांची टोकं अजून ओली. घरच्या आजी बोलता बोलता दर थोड्या वेळाने त्याचे पाय चोळत होत्या. 2023-24 च्या झुदमध्ये देशभरात 70 लाखांहून जास्त जनावरं दगावली. झुद म्हणजे चारा बर्फाखाली गाडला जाऊन गुरं उपाशी मरतात तो हिवाळा. त्यानंतर एकेक पिल्लू किती जपतात ते तिथे बसल्यावर कळतं. म्हणून गेरमधला वेळ घाईघाईत उरकणारी सफर मी कुणाला सुचवणार नाही.

एका सफरवाल्याने ‘भटक्यांचं घर’ म्हणून चक्क पर्यटक तळावरच्या रिकाम्या गेरमध्ये बसवून डबे वाटले. दीर-जाऊबाई इतक्या लांबून आल्या होत्या, त्यामुळे ते फार लागलं. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: जेवण कुणाकडे, त्यांची जनावरं तिथेच आहेत का, आणि उन्हाळ्यात कुत्र्यांचं काय करता. शेवटच्या प्रश्नाला जो तपशिलाने उत्तर देतो त्याची कुत्री बहुधा चांगली राखलेली असतात. पोहोचल्यावर पंजे बघा, बरगड्यांवरून हात फिरवा, खोपटात कोरडं गवत आहे का ते पाहा.

आता कधी जायचं ते. मंगोल लोक 22 डिसेंबरच्या सुमारापासून हिवाळा नऊ-नऊ दिवसांच्या नऊ भागांत मोजतात. तिसऱ्या आणि चौथ्या नवकात बैलाची शिंगं गोठतात असं म्हणतात, म्हणजे साधारण 9 ते 26 जानेवारी. त्या दिवसांत मुलांना आणि साठीपुढच्यांना नेऊ नका. पाचव्यात शिजवलेला भात गोठायचा थांबतो, सहाव्यात बर्फाखालून वाटा काळ्या दिसू लागतात. हा फेब्रुवारीचा पूर्वार्ध मला सर्वात आवडला: बर्फ पक्का, ऊन लांबलेलं, कुत्रीही खुशीत. मार्चमध्ये दुपारी त्यांनाच उकडतं, म्हणून सकाळची वेळ घ्या. त्सागान सार हा त्यांचा नववर्षाचा सण बहुधा फेब्रुवारीतच येतो. तेव्हा घरोघरी पाहुणे असतात आणि सफरी बंद असू शकतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी त्या वर्षीची तारीख बघून घ्या.