घरच्या संगणकाची मोफत ऑनलाइन व्हायरस तपासणी: वापरून पाहिलेल्या साधनांविषयी

आमचे घर यावल तालुक्यात आहे. घरचा संगणक सात वर्षांचा, चार जीबी रॅमचा आणि जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कचा असून केळीच्या वजनाच्या नोंदी, सातबारा उताऱ्यांच्या पीडीएफ, पीक विम्याच्या पावत्या आणि मुलीचे कॉलेजचे प्रोजेक्ट हे सगळे त्याच्यावरच साठवलेले आहे. मार्च महिन्यात मुलीने झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्यावर पेनड्राइव्ह लावला, तेव्हा त्यातील प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर एक छोटा बाण उमटलेला दिसला आणि त्यावर क्लिक करताच काळी खिडकी क्षणभर उघडून मिटली. जळगावच्या एका दुरुस्तीवाल्याने संगणक न पाहताच ‘फॉरमॅट मारावा लागेल, बाराशे रुपये होतील’ असे फोनवर सांगितले. चूक माझीही होती, कारण मराठी टायपिंगचे एक जुने सॉफ्टवेअर चालावे म्हणून विंडोजचे स्वतःचे संरक्षण (डिफेंडर) मीच बंद केले होते आणि ते पुन्हा सुरू करायचे राहून गेले होते. बाराशे रुपये मोजण्यापूर्वी मोफत साधने वापरून पाहावीत असे ठरवले.

‘ऑनलाइन तपासणी’ या शब्दाने माझी आधी दिशाभूल झाली. इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात काही कंपन्यांची तपासणी खरोखरच ब्राउझरच्या आत ॲक्टिव्हएक्सच्या (संकेतस्थळाला संगणकावर प्रोग्राम चालवू देणाऱ्या जुन्या तंत्राच्या) आधाराने चालत असे. आजचे ब्राउझर कोणत्याही संकेतस्थळाला आपली हार्ड डिस्क परस्पर वाचू देत नाहीत. त्यामुळे एखादे पान उघडताच दहा सेकंदांत ‘तुमच्या संगणकात 13 व्हायरस सापडले’ असे सांगून भोंगा वाजवत असेल, तर ते पान तपासणी करत नसून फक्त चित्र दाखवत आहे असे खुशाल समजावे, आणि त्यावर दिलेल्या नंबरावर फोन करू नये. खरे साधन ही एक छोटी फाइल असते, ती उतरवून स्वतः चालवावी लागते, आणि ती फक्त कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी.

पहिले वापरले ते मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर. हे इन्स्टॉल करावे लागत नाही, मात्र उतरवल्यापासून 10 दिवसांनी निकामी होते, कारण व्हायरसच्या खुणांची यादी त्या फाइलच्या आतच असते आणि ती शिळी होते. पुढच्या वेळी नवी प्रत घ्यावी लागते. ही फाइल शंभर एमबीहून मोठी असल्याने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेताना दिवसभराचा डेटा किती उरला आहे ते पाहून घ्यावे. माझ्या डिस्कवर पूर्ण तपासणीला साडेपाच तास लागले. मध्येच ‘बाधित फायली 7’ असा आकडा दिसला आणि घरात धावपळ उडाली, परंतु तो आकडा अंतिम नसतो. चालू तपासणीत जे जे संशयास्पद वाटते ते आधी मोजले जाते, त्याची छाननी शेवटी होते आणि खरा निकाल शेवटच्या अहवालात येतो. माझ्या अहवालात एकच किडा (वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती पसरवणारा व्हायरससारखा प्रोग्राम) निघाला, तो म्हणजे पेनड्राइव्हवरून आलेला. तपशील विंडोजच्या ‘डीबग’ फोल्डरमधील नोंदवहीत वाचता येतो.

येथे एक स्थानिक सूचना करतो. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा 44-45 अंशांवर जातो आणि पूर्ण तपासणीत प्रोसेसर व डिस्क तासन्‌तास राबत असल्याने सीपीयूचा पंखा मोटारपंपासारखा ओरडू लागतो. त्यामुळे तपासणी पहाटे चार वाजता लावावी. यूपीएस नसेल आणि मध्येच लाइट गेली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरे मत म्हणून ईसेट ऑनलाइन स्कॅनर चालवला. हा मुळात लहान असतो, सुरू झाल्यावर व्हायरसच्या खुणांची ताजी यादी इंटरनेटवरून आणतो आणि सुरुवातीलाच ‘संभाव्य नकोशी ॲप्लिकेशने’ शोधायची का, असे विचारतो. या प्रश्नाला बहुतेक जण न वाचताच उत्तर देतात, पण मला खरा उपयोग याच पर्यायाचा झाला, कारण कधीतरी घेतलेल्या एका मोफत पीडीएफ कन्व्हर्टरसोबत गुपचूप आलेले टूलबार त्यामुळेच सापडले. ते व्हायरस नव्हते, परंतु ब्राउझरचे पहिले पान परस्पर बदलणारे ते हेच. ही दोन्ही साधने मागणीनुसार एकदा तपासून थांबतात, पहारा देत नाहीत. म्हणूनच संगणकावरच्या कायमच्या अँटिव्हायरसशी त्यांचे भांडण होत नाही, आणि म्हणूनच ती त्याची जागाही घेऊ शकत नाहीत.

तपासणी ‘स्वच्छ’ आल्यावरही पेनड्राइव्हवरचे फोल्डर मात्र दिसेनात, आणि नेमके येथेच लोक घाबरून फॉरमॅट करतात. हा किडा फायली पुसत नाही. तो मूळ फोल्डरला ‘लपलेले’ आणि ‘सिस्टिम’ अशी दोन्ही लेबले लावतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो, म्हणजे आपणच क्लिक करून त्याला चालवावे. स्कॅनर किडा काढतो, परंतु लेबले तशीच राहतात आणि प्रॉपर्टीजमधील ‘हिडन’ची खूण करडी पडल्याने तेथून निघत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत) ‘अ‍ॅट्रिब’ ही आज्ञा द्यावी लागते: वजा एच, वजा आर, वजा एस, मग त्या ड्राइव्हचे अक्षर कोलनसह, तारांकन, आणि शेवटी तिरप्या रेघांसह एस व डी. (हे मुलीला फोनवर सांगताना माझी दमछाक झाली.) बाराशे रुपयांचे काम त्या एका ओळीने झाले.

व्हायरसटोटल या सेवेचे काम निराळे आहे. स्पेनमध्ये 2004 साली सुरू झालेली आणि 2012 पासून गूगलकडे असलेली ही सेवा संगणक तपासत नाही. आपण दिलेली एक फाइल किंवा दुवा ती निरनिराळ्या कंपन्यांच्या सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून घेते. फाइलची मर्यादा 650 एमबी आहे. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’च्या नावाने येणाऱ्या बनावट एपीके फायली (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणाऱ्या) उघडण्यापूर्वी येथे टाकून पाहाव्यात. सत्तरांपैकी एकाच अनोळखी इंजिनाने बोट दाखवले, तर तो बहुधा खोटा इशारा असतो. नामांकित पाच-सहा इंजिनांनी मिळून दाखवले, तर फाइल सरळ पुसावी. मात्र येथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होते, म्हणून आधार कार्ड, बँकेचे पासबुक किंवा सातबारा येथे कधीही टाकू नये.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत सफाई साधने मिळतात आणि त्यांत पुण्याच्या क्विक हीलचेही आहे. दोन साधनांनी काम झाल्याने मी ती चालवली नाहीत.

माझ्या अनुभवावरून क्रम सांगायचा, तर प्रथम विंडोजचे स्वतःचे संरक्षण सुरू करून त्यातील ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावे, कारण त्यात विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी होते आणि ती पंधरा मिनिटांच्या आसपास आटोपते. त्यानंतर ईसेट. सेफ्टी स्कॅनर मला तिसऱ्या क्रमांकाचा वाटतो, कारण तो विंडोजच्याच संरक्षणाचे तंत्र वापरतो आणि त्यामुळे वेगळे मत त्यातून फारसे मिळत नाही.

संगणक मात्र अजूनही सुरू व्हायला चार मिनिटे घेतो. तो मंदपणा व्हायरसचा नव्हता, जुन्या डिस्कचा आहे, आणि केळीचे पैसे हाती आले की एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवायची आहे.