सोलर आधी बसवलं, अर्ज राहिला, 78,000 गेले

परभणीत आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म मी भरून देतो. म्हणून हे लिहायला लाज वाटते. पण लिहितो.

एप्रिलात दोन कूलर चालले आणि बिल साडेतीन हजारांवर गेलं. छतावरच्या सोलरच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 अनुदान आहे हे मला पाठ होतं. एजंट ओळखीतून आलेला, तालुक्यातलाच. "सर, सगळं मिळून 1,86,000. आधी बसवून घ्या, उन्हाळा कशाला वाया घालवता? फाईल मागून होतच राहते." 90,000 आगाऊ, 60,000 सांगाडा उभा राहिल्यावर, 36,000 पॅनल चढल्यावर. वर फाईल खर्च म्हणून 4,500. पावती वहीच्या कागदावर.

लाइट बिलाचा फोटो काढताना त्यानं नाव वाचलं. वडिलांचं. ते जाऊन सहा वर्षं झाली. मी म्हणालो, "नाव बदलायचं राहिलंय." तो म्हणाला, "होऊन जातं सर." आणि मी गप्प बसलो! अर्ज भरला म्हणाला, पण माझ्या मोबाईलवर एकही ओटीपी आला नाही. ओटीपी मागितला की सावध व्हायचं, हे सगळ्यांना सांगणारा मी. आलाच नाही, तर काय समजायचं? नेमकी त्या आठवड्यात पोरीची बारावीची धावपळ होती, नाहीतर सुटलं नसतं माझ्या नजरेतून.

अर्ज नव्हताच. पॅनल डीसीआर नाहीत, म्हणजे देशी सेलचे नाहीत. त्यांना अनुदान मिळत नाही. बाहेर जाणारी वीज वजा धरणारा नेट मीटरही नाही. जुना मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापरात मोजतो म्हणे, पुढचं बिल उलट वाढूनच आलं.

वीज कार्यालयात पाच चकरा झाल्या. एक साहेब म्हणे आधी नाव बदला, वारसांचं संमतिपत्र आणा. दुसरे म्हणे अर्जाआधी बसवलंच कसं? तिसऱ्यांनी कागद न बघताच "दुपारनंतर या" सांगितलं, दुपारनंतर खुर्ची रिकामी. पोलीस ठाण्यात तासभर बसवलं आणि "हा दिवाणी मामला" म्हणून वाटेला लावलं. मग पगार कशाचा घेता? ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार टाकली आहे.

बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच करा, ते आधी. अर्ज स्वतःच्या मोबाईलवरून. विक्रेता योजनेच्या पोर्टलवरच्या यादीतलाच. अनुदान तुमच्या खात्यात येतं, एजंटच्या नाही. आणि गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग पॅनलच्या आधी! आमच्या स्वयंपाकघरात सांगाड्याच्या पायाखालून पाणी ठिबकतंय. उतरवून परत बसवायचे 14,000 सांगतायत.

परवा त्या एजंटचीच कामाची पोरं समोरच्या गच्चीवर टेप धरून उभी होती. मी खालूनच ओरडलो, "काकू, लाइट बिलावर नाव कुणाचंय?"