विंडोज ११: स्वस्त ‘की’ घ्यावी की रिटेल परवाना?
सुटे भाग जोडून संगणक बनवणाऱ्याने विंडोजसाठी काहीशे रुपयांची ‘की’ (विंडोज सक्रिय करणारा सांकेतिक क्रमांक) घ्यावी की पूर्ण किमतीचा रिटेल (ग्राहकाला सुटा विकला जाणारा) परवाना? इन्स्टॉलेशनची आयएसओ फाइल (विंडोज बसवण्यासाठी लागणारे सगळे एकाच फाइलमध्ये) मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, त्यामुळे विक्रेत्याने पाठवलेली फाइल कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

किमतीत स्वस्त ‘की’ सरस आहे. टिकाऊपणात मात्र ती भरवशाची नाही, कारण अशा अनेक ‘की’ संस्थांना एकगठ्ठा दिलेल्या व्हॉल्यूम परवान्यातल्या असतात आणि पुढे रद्द होऊ शकतात. विंडोजमध्ये ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा ‘डीएलआय’ पर्यायासह (slmgr /dli) दिल्यास परवान्याचा प्रकार दिसतो; तिथे ‘व्हॉल्यूम’ आले तर मी ताबडतोब पैसे परत मागेन. ओईएम परवाना (संगणक बनवणाऱ्यांसाठीचा) पहिल्या मदरबोर्डशी, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डशी, बांधलेला राहतो, तर रिटेल नव्या संगणकावर नेता येतो.

मदरबोर्ड बदलण्याचा बेत असणाऱ्याने रिटेलच घ्यावा. तोच संगणक शेवटपर्यंत वापरणाऱ्याला अधिकृत विक्रेत्याकडचा, पावतीसह मिळणारा ओईएम परवाना पुरेसा आहे.