रात्रीची बॉम्बफेक: कॅनबेरा की एएन-१२?

साताऱ्यात पोवई नाक्यावर माजी सैनिकांचा चहा रंगला की १९७१ चं भारत-पाक युद्ध निघतंच. वाद ठरलेला: रात्री बॉम्ब टाकायला कुठलं विमान बरं?

कागदावर कॅनबेराच. दोन जेट इंजिनं, वेग भरपूर, बांधलेलंच बॉम्बफेकीसाठी. पण आतली व्यवस्था बघा. आपल्या हवाई दलाच्या बी(आय)-५८ या कॅनबेरात इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, वैमानिकाला; वाट दाखवणाऱ्या नॅव्हिगेटरला नाहीच. तो नाकाच्या काचेत पालथा पडून नेम धरणार आणि विमान पेटलं तर दारातून उडी टाकणार. जमिनीलगत उडताना त्या उडीला कसला अर्थ? माझ्या मते खरी छाती त्याची, नाव मात्र वैमानिकाचं.

एएन-१२ मालवाहू. चार पंख्यांचं, संथ, अवजड. मागच्या दारातून बॉम्ब चक्क ढकलायचे. दिवसा हे करणं म्हणजे जिवावर उदार होणंच. रात्रीच्या अंधारात मात्र हवाई दलाच्या ४४ स्क्वाड्रनने डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानातल्या चांगा मांगाच्या जंगलातल्या लष्करी साठ्यांवर बॉम्ब टाकले. पोट मोठं, म्हणून एका खेपेत मालही जास्त.

पसरलेलं जंगल असेल तर एएन-१२ चालेल; धावपट्टी किंवा तेलाच्या टाक्या असतील तर मी कॅनबेराच धाडीन. अपशिंग्याचे आबा दोन्ही ऐकून घेत नाहीत. ते पायदळातले, डोक्यावरचं विमान आपलं आहे एवढं कळलं की त्यांना पुरे.