आर-३२ गॅस : ओझोनला निर्धोक, पण हवेत सोडण्याजोगा नाही

स्प्लिट एसीमध्ये थंडावा देणाऱ्या आर-२२ आणि आर-४१०ए या जुन्या गॅसची जागा घेणारा आर-३२ कामाला उत्तम आहे, यात वाद नाही. थंडावा चांगला देतो, गॅस कमी लागतो आणि भरायलाही सरळ आहे. मात्र ‘पर्यावरणपूरक’ हा जो शिक्का त्याच्यावर सरसकट मारला जातो, तो अर्धाच खरा आहे. नळीच्या आत असेपर्यंत हा गॅस चांगला. बाहेर पडला की नाही.

आर-३२ म्हणजे डायफ्लुओरोमिथेन. मिथेनच्या चार हायड्रोजनपैकी दोन काढून तिथे फ्लोरीन बसवलेला हा हॅलोअल्केन. यात क्लोरीन नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो. कार्बन-क्लोरीन बंध तोडायला मोलमागे साधारण ३४० किलोज्यूल लागतात, कार्बन-फ्लोरीनला ४८०च्या आसपास. जुन्या आर-१२ या गॅसमध्ये क्लोरीन होता आणि एकही हायड्रोजन नव्हता, त्यामुळे खालच्या हवेत त्याचं काही बिघडत नसे. शंभरेक वर्षं टिकणारा तो रेणू स्थितांबरात, म्हणजे ओझोनच्या वरच्या थरात पोचायचा, तिथे अतिनील किरणांनी क्लोरीन सुटायचा, आणि तो एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडायचा. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४मध्ये हे मांडलं, १९८५मध्ये अंटार्क्टिकावरची ओझोनची घट जगासमोर आली आणि १९८७मध्ये माँट्रियल करार झाला. आर-२२मध्ये एक हायड्रोजन असल्याने तो बाराएक वर्षांत विरतो, तरी क्लोरीन आहेच. त्याचा ओझोन-हानीचा आकडा ०.०५५. आर-३२चा शून्य.

तापमानवाढीचा हिशेब वेगळा. कार्बन-फ्लोरीन बंध उष्णतेचे किरण शोषण्यात पटाईत असतात. शंभर वर्षांच्या मोजणीत १ किलो आर-३२ म्हणजे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड. आर-२२चा हाच आकडा १,८१० आणि आर-४१०एचा २,०८८. पूर्वी १ किलो आर-४१०ए लागत असे तिथे ७००-८०० ग्रॅम आर-३२ पुरतो, म्हणून प्रत्यक्षातला फायदा आणखी मोठा. पण हवेत याचं आयुष्य साधारण पाच वर्षांचं, आणि बहुतेक ताप तो सुरुवातीच्या काही वर्षांतच देऊन मोकळा होतो. २० वर्षांच्या मोजणीत आकडा २,४००च्या वर जातो. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीने (२०१६) कमी करायच्या वायूंच्या यादीत आर-३२सुद्धा आहे, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

एक गोष्ट मात्र मनापासून वाखाणावी अशी. गाड्यांच्या एसीतला आर-१२३४वायएफ हवेत मोडला की ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल तयार होतं, पावसाबरोबर पाण्यात उतरतं आणि तिथे साचत राहतं. आर-३२मध्ये कार्बन एकच, त्यामुळे ते आम्ल बनूच शकत नाही. शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड.

आता जळण्याचं. वर्ग ए२एल, म्हणजे विषारीपणा कमी, पण सावकाश पेट घेणारा. हवेत १४ टक्क्यांच्या वर गेला तरच पेटतो आणि ज्योत सेकंदाला सात सेंटिमीटरहून कमी वेगाने सरकते. प्रोपेन (आर-२९०) दोन टक्क्यांवरच पेटतो. ही तुलना धीर देणारी असली तरी गॅस शिल्लक असलेल्या नळीला टॉर्च लावणं अक्षम्यच; तापलेल्या आर-३२मधून निघणारं हायड्रोजन फ्लोराइड फुफ्फुसं जाळतं. आधी गॅस काढून घ्या, नायट्रोजन फिरवा, मगच ब्रेझिंग (नळ्या तापवून जोडणं) करा. ब्रेझिंग चालू असतानाही नायट्रोजनची बारीक धार आतून सोडा, नाहीतर तांब्याची काळी खपली सुटून कॅपिलरीत, म्हणजे आतल्या अगदी बारीक नळीत अडकते.

आर-२२वर हात बसलेल्यांची सर्वाधिक फसगत गळती शोधताना होते. जुना हॅलाइड टॉर्च तांब्याची तापलेली पट्टी वापरतो. क्लोरीन आला की तांब्याचं क्लोराइड वाफ होऊन ज्योत हिरवी करतं. तांब्याचं फ्लोराइड तसं उडत नाही, त्यामुळे आर-३२ कितीही गळत असला तरी ज्योतीचा रंग बदलत नाही. शिवाय पेटणाऱ्या गॅसजवळ आपणच जाळ नेलेला असतो. क्लोरीनवर चालणारे जुने इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरही इथे निरुपयोगी. एचएफसीसाठीचा (आर-३२सारख्या क्लोरीन नसलेल्या गॅससाठीचा) डिटेक्टर घ्या, किंवा नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावा. दाब यंत्राच्या पाटीवर दिला असेल तेवढाच. ऑक्सिजन चुकूनही नको, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

भरणं सोपं आहे. आर-४१०ए दोन वायूंचं मिश्रण असल्याने द्रवरूपातच भरावा लागतो. आर-३२ एकच संयुग आहे, वाफ भरली काय नि द्रव भरला काय, घटक बदलत नाहीत. चालू यंत्रात द्रव मात्र थेट सोडू नका, कॉम्प्रेसर द्रव दाबू शकत नाही. भरायचं ते वजनकाट्यावर, पाटीवरच्या ग्रॅमांनुसार. त्याआधी व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली न्या, पंप बंद करा आणि व्हॅक्यूम गेजचा काटा चढतो का बघा. हळूहळू चढून थांबला तर ओल, चढतच राहिला तर गळती. ओलीने गॅस बिघडत नाही, बिघडतं ते पॉलिओलएस्टर तेल. पाण्याने त्याचं आम्ल होतं आणि ते मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं.

आर-२२च्या यंत्रात आर-३२ भरून देणारे मेकॅनिक भेटतात. त्यांना स्पष्ट नकार द्या. बाष्पीभवन ५ अंशांवर असताना आर-२२ गेजवर ७० पीएसआयच्या आसपास दाखवतो, आर-३२ १२० च्या वर. कंडेन्सरकडे दाब आणखी वाढतो, जुनं खनिज तेल या गॅसमध्ये मिसळत नाही म्हणून कॉम्प्रेसरकडे परतत नाही, आणि यंत्रातले स्विच व रिले पेटणाऱ्या वायूसाठी तपासलेले नसतात. आर-४१०एच्या यंत्रातही तो नको. दाब जुळतो, पण कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं तापमान वाढून तेल करपतं.

एसी काढताना गॅस ‘उडवून देणं’ म्हणजे वरचा सगळा फायदा पाण्यात घालणं. तो बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायचा. कूलिंगवर चालवा, बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करा, गेज शून्याच्या जवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच वीज तोडा. काटा शून्याखाली जाऊ देऊ नका. सैल फ्लेअरमधून (नळीच्या जोडातून) हवा आत शिरली तर तेलाचे कण, हवा आणि दाब एकत्र येऊन कॉम्प्रेसर फुटू शकतो. युनिटच गळकं असेल तर ए२एल गॅसला चालणारं रिकव्हरी मशीन (गॅस काढून सिलिंडरमध्ये भरणारं यंत्र) हवं, आणि सिलिंडर ८० टक्क्यांहून जास्त भरायचा नाही, कारण उन्हात द्रव फुगतो.