आयएसआय की लर्न टू स्केट यूएसए? मुलांना स्केटिंगला घालण्याआधी

अमेरिकेत मुलांचं नाव फिगर स्केटिंगला घालायला गेलं की बहुतेक रिंकवर आयएसआय आणि लर्न टू स्केट यूएसए या दोनांपैकी एक अभ्यासक्रम असतो. आयएसआय (आइस स्पोर्ट्स इंडस्ट्री) ही संस्था १९५९ पासूनची, तिचा अभ्यासक्रम हौसेने शिकणाऱ्यांसाठी आखलेला. लर्न टू स्केट यूएसएच्या मागे यू. एस. फिगर स्केटिंग ही राष्ट्रीय संघटना आहे, आणि ऑलिंपिककडे जाणारी वाट तिच्याच परीक्षा-स्पर्धांतून जाते.

सुरुवातीला दोन्हींत फारसा फरक नाही. आयएसआयची पहिली पातळी प्री-अल्फा असो वा लर्न टू स्केटची बेसिक १, दोन पायांवर घसरणं, स्विझल (पाय न उचलता बाहेर-आत नेत सरकणं) आणि उलटे विगल (नागमोडी मागे सरकणं) दोन्हीकडे आहेतच. खरा फरक पडतो तो क्रमात. आयएसआयमध्ये क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं) लगेच पुढच्या अल्फात येतो, थ्री-टर्न (एकाच पायावर पुढून मागे वळणं) गॅमात, आणि पुढे जातानाच्या धारा, म्हणजे पात्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर तोल धरून वळत घसरणं, स्वतंत्रपणे तपासतात त्या थेट डेल्टात. लर्न टू स्केटमध्ये वर्तुळावरच्या आतल्या-बाहेरच्या धारा आणि क्रॉसओव्हर दोन्ही बेसिक ४ मध्ये, आणि थ्री-टर्न त्यानंतर बेसिक ५ मध्ये.

म्हणून आयएसआयमध्ये मूल लवकर रमतं. डेल्टानंतरच्या फ्रीस्टाइल १ मध्येच वॉल्ट्झ जंप ही अर्ध्या फेरीची उडी येते, संगीतावर छोटा कार्यक्रम बसवता येतो, आणि खालच्या पातळ्यांची परीक्षा रिंकवरचेच शिक्षक घेतात. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या मुलाला हेच घ्यावं. पुढे यू. एस. फिगर स्केटिंगच्या परीक्षांकडे वळायचं असेल, तर मात्र धारा कच्च्या राहिल्याचं तिथे उघडं पडतं. प्री-प्रिलिमिनरी या सुरुवातीच्या पातळीपासूनच स्केटिंग स्किल्सची, म्हणजे घसरण्याच्या कौशल्यांची, वेगळी परीक्षा असते, आणि तिथे उडीला गुण नाहीत. धार, वेग आणि शरीराची ठेवण पाहतात. स्पर्धेचा विचार असेल तर पहिल्यापासून लर्न टू स्केटच बरं.

शिकवणी कशी आहे हे बर्फावरच दिसतं. थ्री-टर्न झाल्यावर खुणा पाहा. नीट घेतलेल्या वळणाची रेघ बारीक, इंग्रजी ३ सारखी उमटते आणि मधलं टोक स्वच्छ असतं. टोकाशी बर्फाचा चुरा साचला असेल, तर पाय धारेवर नाही, सपाट पात्यावर फिरलाय. रेघ वळणानंतर लगेच आत गुंडाळली गेली असेल, तर वळल्यावर खांद्यांचं फिरणं थोपवलं नाही. शिक्षक हे थांबवून सांगत नसतील, तर अभ्यासक्रम कुठलाही असो, वर्ग बदला.

भाड्याच्या बुटांचं पातं बोथट असेल तर धार पकडतच नाही, आणि मऊ बुटात घोटा आत कलतो. दोष मात्र मुलावर येतो. बूट घट्ट हवा, मोजा पातळ आणि एकच. नाडी बोटांपाशी सैल, घोट्यापाशी घट्ट, वरच्या हुकांना पुन्हा थोडी सैल, म्हणजे गुडघा वाकतो. गुडघा वाकला नाही तर अंग पुढे झुकतं, टो पिक (पात्याच्या पुढच्या टोकाचे दात) बर्फात रुततो आणि मूल तोंडावर पडतं.